६१ वर्षं न उघडलेलं कुलूप : शेतकऱ्याचा पोरगा जोसेफ ब्रामा याची गोष्ट

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरची जुनी लोखंडी तिजोरी अडून बसली. आजोबांनी घेतलेली, चार माणसांना हलणार नाही अशी. वडील गेले आणि तिची किल्ली कुठं ठेवली हे त्यांच्यासोबतच गेलं. आत शेताचं जुनं खरेदीखत. पीककर्जाच्या कामात ते हवं होतं, पेरणी आठवड्यावर आली होती. तालुक्याच्या बाजारातून चावीवाल्या चाचाला आणलं. मोटारसायकलीची, कपाटाची, ट्रॅक्टरची, कुठलीही चावी बनवणारा माणूस. सकाळी बसला तो दुपारपर्यंत तिजोरीसमोर मांडी घालून होता. तारा घातल्या, कानस चालवली, कान लावून ऐकलं. शेवटी हात जोडले. हे आपल्याच्यानं होणार नाही, कापावं लागेल, असं सरळ सांगून टाकलं आणि फक्त जाण्यायेण्याचे पैसे घेतले.

तिजोरी शेवटी वेल्डिंगवाल्याने ग्राइंडरने कापली. कागद मिळाला, कर्जाचं काम झालं. पण माझ्या डोक्यातून ती गोष्ट जाईना. ज्या माणसाचं पोट कुलपं उघडण्यावर, तो एका कुलपापुढे हात टेकतो म्हणजे काय? कुलूप खरंच असं करता येतं का, की जे कुणालाच उघडू नये? याचा शोध घेता घेता मी पोचलो थेट अडीचशे वर्षांमागच्या इंग्लंडात, एका शेतकऱ्याच्या घरात. त्या घरातल्या पोराचं नाव जोसेफ ब्रामा. ९ डिसेंबर हा त्याचा स्मृतिदिन. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण त्याने करून ठेवलेल्या वस्तू तुमच्या-आमच्या वापरात रोज आहेत. त्या कशा, ते पुढे येईलच.

पाय गेला म्हणून शेती सुटली

उत्तर इंग्लंडात यॉर्कशायर नावाचा मुलूख आहे. तिथल्या बार्न्सली गावाजवळ स्टेनबरो नावाची वस्ती. १७४८ साली तिथं जोसेफचा जन्म झाला. बाप एका जहागीरदाराच्या जमिनीवर शेती करणारा, साधा कुळवाडी. पोरं मोठी झाली की नांगराला लागायची, हा तिथलाही रिवाज. जोसेफही लागला असता. पण वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या घोट्याला जबर दुखापत झाली. पाय कायमचा अधू झाला. नांगरामागं चालणं आता त्याच्याकडून होणार नव्हतं.

शेतकऱ्याच्या घरात असं पोरगं म्हणजे काळजीच. आपल्याकडेही आपण बघतो, शेतात राबता येत नाही म्हटलं की घरच्यांची नजर बदलते. जोसेफच्या नशिबानं त्याच्या हातात लहानपणापासून कसब होतं. लाकडाचे ठोकळे कोरून तो वाजवायची वाद्यं करायचा आणि गावच्या लोहाराकडून जुन्या कानशींची हत्यारं करून घ्यायचा. बापानं त्याला गावातल्याच सुताराकडे कामाला ठेवलं. शिकणं पुरं झालं तसं तो लंडनला गेला आणि सुतारकाम करू लागला.

लंडनमध्ये त्या काळी श्रीमंतांच्या घरात पाण्याचे संडास बसवायची नवी टूम निघाली होती. हे काम सुताराकडेच यायचं, कारण भोवतीची लाकडी चौकट त्यालाच करावी लागायची. ब्रामा ते बसवत फिरायचा. बसवता बसवता त्याच्या लक्षात आलं की जुन्या रचनेत हिवाळ्यात पाणी गोठतं आणि सगळं बंद पडतं. एकदा पडून मार लागला, अंथरुणाला खिळला, आणि पडल्या पडल्या त्याने याच गोष्टीचा विचार केला, असं त्याच्या चरित्रात सांगतात. बिजागरीवर उघडमिट करणारी झडप त्यानं बसवली. १७७८ साली तिचं पेटंट घेतलं. आजच्या फ्लशच्या संडासाकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे एक मोठं पाऊल. ज्याला नांगर धरता आला नाही, त्याच्या मालाला आता लंडनची मोठी घरं रांग लावून होती.

कुलूप कसलं, नुसता आडोसा

लंडनमध्ये तेव्हा चोरांचा सुळसुळाट होता. घराला कुलूप होतं, पण त्या कुलपात दम नव्हता. जुन्या कुलपांची रचना समजून घ्या. किल्ली आत गेल्यावर तिच्या वाटेत काही पत्र्याच्या कडा उभ्या असायच्या. ज्या किल्लीला त्या कडांना चुकवणाऱ्या खाचा असतील तीच फिरायची. ऐकायला बरं वाटतं. पण चोरानं किल्लीचं सगळं पान कानशीनं घासून नुसता एक टोकाचा आकडा ठेवला की तो सगळ्या कडांना वळसा घालून खटका सरकवायचा. असा एक आकडा खिशात असला की गल्लीतली दहा घरं उघडी.

१७७८ साली रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजानं एक सुधारणा केली. त्यानं आत उचलायच्या पट्ट्या, म्हणजे आजच्या भाषेत लिव्हर बसवले. लिव्हर कमी उचलला तरी कुलूप उघडणार नाही, जास्त उचलला तरी नाही. बरोबर तेवढाच उचलला पाहिजे. ही कल्पना आजच्या कपाटाच्या कुलपातही आहे. पण ब्रामाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. बॅरनच्या कुलपात अशा पट्ट्या दोनच होत्या. किल्लीच्या भोकातून लाखेचा किंवा मेणाचा ठसा घेऊन त्यांचा अंदाज लावता यायचा.

१७८४ साली ब्रामानं स्वतःच्या कुलपाचं पेटंट घेतलं. त्याची किल्ली बघितली तर किल्ली वाटत नाही. छोटी पोकळ नळी, पेनाच्या टोपणासारखी. नळीच्या तोंडाला गोलाकार, वेगवेगळ्या खोलीच्या खाचा. कुलपाच्या आत एक नळकांडं आणि त्याच्या भोवती उभ्या बसवलेल्या पातळ पट्ट्या. स्प्रिंगच्या जोरानं त्या सगळ्या बाहेरच्या बाजूला ढकललेल्या. किल्ली आत दाबली की प्रत्येक खाच आपापल्या पट्टीला ठरावीक अंतर आत ढकलते. कुणी चार सूत, कुणी दोन, कुणी पाच. सगळ्या पट्ट्या आपापल्या नेमक्या जागी आल्या की नळकांडं फिरतं. एकही पट्टी केसभर मागं किंवा पुढं राहिली की सगळं जाम.

आता हिशोब करून बघा. समजा पट्टी थांबायच्या सहा जागा आहेत. पाच पट्ट्यांच्या कुलपाला किती तऱ्हा होतील? सहा गुणिले सहा असं पाच वेळा, म्हणजे ७,७७६. पट्ट्या अठरा केल्या तर तो आकडा पंधरा अंकी होतो. माणूस जन्मभर किल्ल्या बदलत बसला तरी पुरा पडणार नाही. अंदाजानं उघडायची सोयच ब्रामानं ठेवली नाही.

अठरा वर्षांचं पोर आणि दुकानातली पाटी

कल्पना झकास होती, पण घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. कुलपाची ताकद पट्ट्यांच्या नेमकेपणात होती आणि त्या काळी सगळं हातानं, कानशीनं घासून व्हायचं. हाताने घासलेली एक पट्टी दुसरीसारखी येईना. एक कुलूप करायला फार वेळ जाई आणि किंमत आवाक्याबाहेर. चांगले चांगले कारागीर ब्रामाच्या दुकानात थकले.

तेव्हा कुणीतरी त्याला वुलविच इथल्या सरकारी शस्त्र कारखान्यातल्या एका पोराचं नाव सुचवलं. हेन्री मॉडस्ले. वय अठरा. रीतसर सात वर्षांची उमेदवारीही न केलेला. ब्रामा त्याला बघून बिचकला, एवढंसं पोर काय करणार म्हणून. कारखान्यात एक झिजलेला शेगडा पडला होता, म्हणजे बाकाला बसवलेला व्हाइस. तो सायंकाळपर्यंत दुरुस्त करून दाखव अशी परीक्षा झाली. पोरानं वेळेआधी काम संपवलं आणि त्याची नेमणूक झाली. हे १७८९ च्या आसपासचं.

मॉडस्लेनं कुलपं करण्याआधी कुलपं करणारी यंत्रं केली. खाचा पाडायचं यंत्र, स्प्रिंग गुंडाळायचं यंत्र, हत्यार हातात न धरता लोखंडी सरकत्या पकडीत धरून चालवायची सोय. माणसाचा हात थरथरतो, पकड थरथरत नाही. आज आपल्या तालुक्यात कुठल्याही लेथवर गेलात तर हत्यार सरकवायची जी चाकं फिरवतात, त्या साऱ्या घराण्याचं एक मूळ या कुलपाच्या कारखान्यात आहे. एक बळकट कुलूप करायचं म्हणून नेमकं काम करणारी यंत्रं जन्माला आली, आणि त्या यंत्रांनी पुढं इंग्लंडचे कारखाने उभे केले.

मग १७९० च्या सुमारास मॉडस्लेच्या हातून एक खास कुलूप तयार झालं. अठरा पट्ट्यांचं, तळहातात मावणारं. ब्रामाचं दुकान लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर होतं. दुकानाच्या खिडकीत ते कुलूप टांगलं आणि सोबत एक जाहीर आव्हान लिहिलं. जो कारागीर हे कुलूप उघडणारं हत्यार करून दाखवेल त्याला तिथल्या तिथं २०० गिनी बक्षीस.

२०० गिनी म्हणजे किती? एक गिनी २१ शिलिंगांची. म्हणजे झाले ४,२०० शिलिंग. खुद्द मॉडस्ले त्या कारखान्याचा मुख्य कारागीर होता तेव्हा त्याला आठवड्याला ३० शिलिंग मिळायचे. हिशोब केला तर १४० आठवडे होतात. म्हणजे ज्यानं ते कुलूप केलं त्याचा जवळपास दोन वर्षं आठ महिन्यांचा पगार त्या खिडकीत टांगलेला होता.

इथं ब्रामाच्या गोष्टीतली एक बोचणारी बाब सांगितली पाहिजे. मॉडस्लेचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, तीस शिलिंगात भागेना. १७९७ साली त्यानं पगार वाढवून मागितला. ब्रामानं नाही म्हटलं. मॉडस्लेनं आठ वर्षांची नोकरी सोडली, स्वतःचं छोटं दुकान टाकलं आणि पुढं इंग्लंडातल्या सगळ्यात नामांकित यंत्रकारांत त्याची गणना झाली. कितीतरी मोठे इंजिनीयर त्याच्या हाताखाली तयार झाले. जगभरच्या चोरांना अडवणारं कुलूप ब्रामापाशी होतं, पण घरचा माणूस त्याला अडवून ठेवता आला नाही. चांगला सालदार शंभर-दोनशे रुपयांवरून गमावणारे शेतकरी आपण बघतोच. मोठी माणसंही तिथंच चुकतात.

जिनिंगच्या गाठीत ब्रामा

ब्रामा नुसता कुलूपवाला राहिला नाही. त्याच्या नावावर अठरा पेटंट आहेत. दारूच्या गुत्त्यात तळघरातल्या पिंपातून बिअर वर ओढणारा पंप त्यानं केला. लाकूड रंधायचं मोठं यंत्र केलं. १८०६ साली बँक ऑफ इंग्लंडसाठी नोटांवर क्रमांक छापणारं यंत्र केलं. त्याआधी कारकून बसून हातानं एकेका नोटेवर आकडे लिहायचे.

पण शेतकऱ्याला सांगण्यासारखी त्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाण्याच्या दाबावर चालणारा प्रेस. याचं पेटंट १७९५ चं. तत्त्व जुनं होतं, पास्कल नावाच्या फ्रेंच विद्वानानं सांगितलेलं. बंद भांड्यातल्या पाण्यावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. छोट्या दट्ट्यावर माणसानं जोर दिला आणि दुसऱ्या टोकाच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ शंभर पट असलं तर तिथं शंभर पट जोर मिळतो. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात दाब वाढला की दट्ट्याच्या कडेनं पाणी उसळून बाहेर यायचं. घट्ट गुंडाळावं तर दट्ट्या हलायचा नाही, सैल ठेवावं तर पाणी थांबायचं नाही. यावर चामड्याची वाटीसारखी कडी बसवली गेली. पाण्याचा दाब जितका जास्त, तितकी ती कडी फुगून आपोआप घट्ट बसते. दाब उतरला की सैल होते. ही युक्तीही मॉडस्लेचीच मानतात.

आज ट्रॅक्टरमागची लिफ्ट, टिपिंगची ट्रॉली, जेसीबीचा हात, सगळं त्याच तत्त्वावर. पाण्याऐवजी तेल आलं एवढंच. आपण कापूस विकून येतो आणि जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते, ती दाबणारा प्रेस ब्रामाच्या वंशातला. तेव्हा ब्रामाला आपण ओळखत नसलो तरी आपला कापूस त्याला ओळखतो.

याच प्रेसनं त्याचा शेवटही जवळ आणला. १८१४ च्या हिवाळ्यात हॅम्पशायरमधल्या होल्ट जंगलात मोठाली झाडं मुळासकट उपटायचं काम त्याच्या यंत्रांवर चाललं होतं. वय ६६, अधू पाय, आणि तरी स्वतः हजर. थंडी बाधली, छातीत भरलं आणि ९ डिसेंबर १८१४ ला लंडनमध्ये त्यानं डोळे मिटले. तेव्हाही दुकानाच्या खिडकीत कुलूप टांगलेलंच होतं. २०० गिनी नेणारा कुणी आला नव्हता. धंदा पोरांच्या हातात गेला, कुलूप तिथंच राहिलं.

अमेरिकेहून पाहुणा आला

मधल्या काळात आणखी एक कुलूप गाजलं. १८१७ साली पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत चोरी झाली आणि सरकारनं चांगल्या कुलपासाठी बक्षीस लावलं. १८१८ मध्ये जेरेमाया चब यानं असं कुलूप केलं की कुणी भलत्या हत्यारानं छेडलं तर आतला एक लिव्हर वर अडकून बसे. मग खरी किल्लीही लागायची नाही आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावला. पोर्ट्समथला तुरुंग म्हणून वापरायच्या जहाजावर एक कैदी होता, धंद्यानं कुलूपवाला. हे उघडलंस तर शिक्षा माफ आणि वर पैसे, असं त्याला सांगितलं. सुटका समोर दिसत असताना तो माणूस दोन-तीन महिने झटला. शेवटी हरला.

त्यामुळं १८५१ उजाडलं तेव्हा इंग्लंडला आपल्या कुलपांचा मोठा गर्व होता. त्या वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेचा मोठा महाल बांधून जगभरच्या मालाचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं न्यूयॉर्कच्या एका कंपनीची कुलपं घेऊन आल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन आला. आपली कुलपं विकायची तर समोरच्याची उघडून दाखवावी, हा त्याचा धंद्याचा रिवाज. २२ जुलैला वेस्टमिन्स्टरमधल्या एका घरात पंचांसमोर त्यानं चबचं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. वर सात-आठ मिनिटांत परत लावूनही दाखवलं. लंडनमध्ये खळबळ उडाली.

मग तो पिकॅडिलीला ब्रामाच्या दुकानात गेला. तीन पंच नेमले, ३० दिवसांची मुदत ठरली. दुकानाच्या माडीवर एका खोलीत कुलूप दोन फळ्यांच्या मध्ये बसवून सीलबंद केलं, नुसतं किल्लीचं भोक उघडं. हॉब्स कामाला लागला. स्प्रिंगचा जोर मोठा होता म्हणून ती दाबून धरायला त्यानं फळीला एक वेगळी यंत्रणा बसवली. मग नळकांड्याला हलका पीळ देऊन एकेका पट्टीला चाचपायचं. जी पट्टी पिळाखाली अडते ती थोडी ढकलायची, किती ढकलली ते मोजून लिहायचं, मग पुढची. कारागिरानं मोठा नेमकेपणा ओतला होता, पण अठराच्या अठरा पट्ट्यांवर एकाच वेळी अगदी सारखा भार पडेल इतका नेमका माणसाचा हात नसतोच. एखादी आधी अडते, एखादी नंतर. तेवढ्याशा फरकातून हॉब्स आत शिरला.

मध्ये भांडणं झाली, काम काही दिवस थांबलं. शेवटी १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले आणि ऑगस्टअखेरीस कुलूप उघडलं. खिडकीत टांगल्यापासून ६१ वर्षांनी. करणारा ब्रामा जाऊन ३७ वर्षं झाली होती, मॉडस्लेही हयात नव्हता. कंपनीनं तक्रार केली की अशी यंत्रणा ठोकून, महिनाभर कुणी न हटकता बसायला कुठल्या चोराला मिळणार? पंचांनी ऐकून घेतलं, पण बक्षीस हॉब्सला दिलं. २०० गिनी कंपनीनं मोजल्या.

हरलं कोण?

तेव्हा लंडनमध्ये दोन तट पडले. काही म्हणू लागले, हॉब्सनं चोरांना धडे दिले. कुलपातलं वैगुण्य असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं. हॉब्सचं म्हणणं उलट होतं. चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात, त्यांना हे आधीच ठाऊक असतं. अंधारात राहतो तो बिचारा कुलूप विकत घेणारा. वैगुण्य उघड झालं तरच ते दुरुस्त होतं. पुढं झालंही तसंच. कुलूपवाले जागे झाले. खुद्द हॉब्सच्या कंपनीचं अमेरिकन कुलूपही चार वर्षांत लायनस येल नावाच्या दुसऱ्या अमेरिकनानं उघडून दाखवलं. त्याच येलच्या पद्धतीची पिना असलेली चपटी किल्ली आज आपल्या दाराला आहे.

मला मात्र ब्रामा हरला असं वाटत नाही. जगातला त्या वेळचा सगळ्यात वाकबगार माणूस, पुरेसा उजेड, मनासारखी हत्यारं, पोलिसांची भीती नाही, आणि तरीही ५१ तास. चोराच्या हातात रात्रीची दहा-पंधरा मिनिटं असतात. कुलपाचं खरं माप हेच आहे. न उघडणारं कुलूप जगात नसतं. चोराजवळ असलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ टिकलं की ते चांगलं कुलूप.

आजच्या भारी कुलपांतही ब्रामाचंच शहाणपण आहे. पट्टी बरोबर जागी आल्याचा भास करून देणाऱ्या फसव्या खाचा ब्रामाच्याच कारखान्यात नंतर सुरू झाल्या आणि त्या अजून वापरतात. त्यात भर म्हणून ड्रिलला दाद न देणारं पोलाद आलं, कंपनीशिवाय कुणाला न मिळणाऱ्या कोऱ्या किल्ल्या आल्या. आपल्याकडे १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईच्या लालबागमध्ये कुलपांचा कारखाना काढला, तेव्हा हिंदुस्थानातही चांगल्या कुलपाची घरची परंपरा सुरू झाली. अशा कुलपांपुढे बाजारातला चावीवाला थांबतो. बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तरी तेच होतं. तार घालून कुणी उघडून देत नाही. कंपनीचा माणूस बोलावून, साक्षीदारांसमोर लॉकर फोडावा लागतो आणि खर्च आपल्या माथी येतो.

म्हणून आपल्या भागातल्या वाचकांना चार गोष्टी सांगाव्या वाटतात. पहिली, घराला किंवा गोडाऊनला शेकड्याचं कुलूप घेऊन कोयंडा मात्र दोन खिळ्यांवर ठोकू नका. चोर कुलूप उघडत बसत नाही, पहारीनं कोयंडा उखडतो. दुसरी, मोटरपंपाच्या खोलीला जी चावी लागते तीच शेजाऱ्याच्या खोलीला लागत नाही ना, हे घेताना तपासा. स्वस्त कुलपांत असं होतं. तिसरी, चावीवाला ओळखीचा असू द्या आणि दुसऱ्याच्या कुलपाची चावी त्याच्याकडून करून मागू नका. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, घरच्या तिजोरीची किल्ली कुठं आहे हे घरातल्या किमान दोन माणसांना माहीत असू द्या. बायकोला सांगा, पोराला सांगा, पोरीला सांगा. आमच्या वडिलांनी ते केलं नाही आणि आजोबांची तिजोरी भंगारात गेली.

ब्रामाचं ते कुलूप लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवलंय. पायानं अधू झालेल्या शेतकऱ्याच्या पोराची ती कमाई. आणि आमच्या कापलेल्या तिजोरीचं कुलूप मी वेल्डिंगवाल्याकडून मागून घेतलं. परवा बाजारात गेलो तेव्हा चावीवाल्या चाचाला नेऊन दिलं. त्यानं ते खोलून आतले लिव्हर मोजले. आठ निघाले. त्या दिवशी का जमलं नाही, हे आता कळलं म्हणाला आणि ते कुलूप त्यानं दुकानात वरच्या खुंटीला टांगून ठेवलं.